रुपयाचे दोन वैरी

कापूस आणि सोयाबीन विकून झाले, दुकानदाराची उधारी फिटली, सोसायटीचे कर्ज भरले, म्हणजे आपल्या ढाणकीच्या पंचक्रोशीतील ज्या घरात काही थोडे उरते, त्या घरात एक प्रश्न हटकून उभा राहतो : हे उरलेले ठेवावे कोठे? आजोबा म्हणतात, बँकेत ठेवा. आजी म्हणते, सोने घ्या. शेजारी पतसंस्थेचा वाढीव व्याजदर सांगतो. आणि कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईलवर शेअरबाजाराचा आलेख दाखवून म्हणतो की, बाबा, जग कोठल्या कोठे गेले, आपण मात्र आहोत तेथेच आहोत. प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा काही अंश असतो, म्हणूनच निर्णय करणे अवघड जाते. रक्कम मोठी नसते. परंतु तिच्यावर मुलीचे शिक्षण, पुढल्या मृगाचे बियाणे आणि वडीलधाऱ्यांचे औषधपाणी अवलंबून असते. यास्तव हा विषय केवळ मुंबईच्या धनिकांचा नसून आपलाही आहे असे समजून, विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या पालकांनी त्याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साठविलेल्या रुपयाला दोन वैरी आहेत. पहिला वैरी रुपयांची संख्या तशीच राहू देतो, परंतु त्यांची किंमत आतून पोखरतो. त्याचे नाव महागाई. दुसरा वैरी संख्येवरच हात टाकतो. ठेव घेणारी पेढी बुडते किंवा विकत घेतलेल्या वस्तूचा भाव कोसळतो. पहिला वैरी उधईसारखा निःशब्दपणे काम करतो, दुसरा दरोडेखोरासारखा एकाएकी येतो. एकाच्या भीतीने पळत सुटलेला मनुष्य पुष्कळदा दुसऱ्याच्या तावडीत सापडतो, असा अनुभव आहे.

प्रथम महागाईचा हिशेब पाहू. दरवर्षी भाव शेकडा ६ ने वाढत राहिले, तर किती वर्षांत ते दुप्पट होतील? यासाठी एक सोपा आडाखा आहे : ७२ या संख्येस महागाईच्या दराने भागावे. ७२ भागिले ६ म्हणजे १२. याचा अर्थ असा की, आज पेटीत ठेवलेल्या शंभर रुपयांची नोट बारा वर्षांनी बाहेर काढली, तर तिच्यावर शंभराचाच आकडा असेल, परंतु बाजारात तिला आजच्या पन्नास रुपयांइतकेच सामान मिळेल. चोरी झाली नाही, आग लागली नाही, तरीही निम्मे धन गेले. १९२३ साली जर्मनीत तर हा प्रकार पराकोटीस पोहोचला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरसाठी सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. ज्यांनी जन्मभर काटकसर करून बँकेत मार्क साठविले होते, त्यांची बँक बुडाली नाही, पण बचत मात्र बुडाली.

आपल्या देशात अशी वेळ आलेली नाही, तथापि महागाईचे चटके आपणांसही बसले आहेत. १९७४ साली घाऊक भाव वर्षभरात शेकडा वीसहून अधिक चढले होते. अलीकडचे उदाहरण २०२२-२३ या आर्थिक वर्षाचे. त्या वर्षी किरकोळ महागाईची सरासरी शेकडा ६.७ भरली. त्याच्या आरंभी एखाद्याने एक लाख रुपये शेकडा ५ व्याजाने ठेवले असतील, तर वर्षाअखेर त्याच्या हाती १ लाख ५ हजार आले. परंतु आदल्या वर्षी एक लाखात मिळणारे सामान घेण्यास आता १ लाख ६ हजार ७०० रुपये लागत होते. पासबुकात पाच हजारांची भर दिसते, आणि खऱ्या हिशेबात सतराशेची खोट येते! म्हणून व्याजाचा दर ऐकताच, त्यातून महागाईचा दर वजा करण्याची सवय लावून घ्यावी. उरेल तेवढेच खरे व्याज.

शुभवर्तमानातील दृष्टांतात धन्याने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणारा चाकर आपणांस ठाऊक आहे. त्याने एक पैही खर्च केली नव्हती. तरीही धनी त्याजवर रागावला, आणि ते द्रव्य निदान सावकाराकडे तरी ठेवावयाचे होते, असे त्याने बजावले. दृष्टांताचा मुख्य अर्थ आध्यात्मिक आहे, हे खरे. परंतु भीतीपोटी निष्क्रिय राहणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा त्यातील व्यवहारही ध्यानात घेण्याजोगा आहे.

मग सावकाराकडे, म्हणजे आजच्या भाषेत बँकेकडे, वळू. बँक ही धान्याच्या कोठारासारखी आहे, आपण ठेवलेली पोती तेथे जशीच्या तशी थप्पी लावून ठेवलेली असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. आपली ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेले कर्जच होय. बँक त्यातील थोडा भाग हाताशी रोकड ठेवते, काही भाग सरकारी रोख्यांत गुंतविते आणि उरलेला व्यापारी, शेतकरी, घर बांधणारे अशांना कर्जाऊ देते. ठेवीदाराला पैसे हवे तेव्हा मागता येतात, परंतु कर्जदाराकडून ते ठरल्या मुदतीनेच परत येतात. सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले, तर उत्तम चाललेली बँकही अडचणीत येईल. आणि जिची कर्जे बुडीत निघाली, तिची तर गोष्टच नको.

हे प्रसंग दूरदेशीचे नव्हेत. आपल्या वऱ्हाडातील अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० साली बुडाली. त्याच वर्षी केरळातील पलाई सेंट्रल बँकही बुडाली. या दोन धक्क्यांनी सर्व देशातील ठेवीदार हवालदिल झाले, आणि त्यातूनच ठेवींचा विमा उतरविण्याची व्यवस्था जन्मास आली. १ जानेवारी १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली, तेव्हा प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. पुढे ही मर्यादा वाढत १९९३ साली एक लाख झाली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख करण्यात आली. येथेही पहिल्या वैऱ्याची करामत पाहावी : १९९३ पासून २०२० पर्यंत सत्तावीस वर्षे मर्यादेचा आकडा एक लाखच राहिला, आणि तेवढ्या अवधीत महागाईने त्या लाखाची किंमत कितीतरी घटविली. म्हणजे बँक बुडण्यापासून वाचविणारी ढालदेखील महागाईच्या उधईने पोखरली जात होती.

आता अगदी आपल्या जिल्ह्यातील प्रसंग घेऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध घातले, आणि ठेवीदारास आपल्या खात्यातून पाच हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढता येणार नाही, असे ठरविले. ज्या घरी लग्न ठरले असेल, ज्याचा रुग्ण नागपूरच्या इस्पितळात असेल, त्याच्या दृष्टीने या वाक्याचा अर्थ काय, हे वाचकांनीच मनाशी ताडून पाहावे. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुरेसे भांडवल व कमाईची आशा नसल्याचे कारण देऊन रिझर्व्ह बँकेने या बँकेचा परवाना रद्द केला. त्या वेळी दिलेल्या माहितीप्रमाणे सुमारे ७९ टक्के ठेवीदार आपली संपूर्ण ठेव विम्यातून मिळण्यास पात्र होते, आणि तोपर्यंत २९४ कोटींहून अधिक रक्कम विमा महामंडळाने चुकतीही केली होती.

एवढी रक्कम परवाना रद्द होण्यापूर्वीच कशी मिळाली? याचे कारण असे की, पूर्वी बँक पूर्णपणे मोडीत निघेपर्यंत ठेवीदारास विम्यासाठी तिष्ठत राहावे लागे. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा हजारो कुटुंबांचे जे हाल झाले, त्यांवरून धडा घेऊन २०२१ साली कायदा दुरुस्त करण्यात आला. निर्बंध लागू झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत विम्याची रक्कम ठेवीदारास द्यावी, असे त्यात ठरले, आणि ही तरतूद १ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आली. यवतमाळची बँक अडचणीत आली ती त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी. तरीही उरलेल्या शेकडा २१ ठेवीदारांचा विचार मनात येतोच. पाच लाखांच्या वरची रक्कम ही अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून राहते. ती किती व केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही.

या ठिकाणी तीन गोष्टी पालकांनी नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली ही की, पाच लाखांची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून आहे, आणि एका बँकेच्या सर्व शाखांतील एका व्यक्तीच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. उमरखेड शाखेत चार लाख व पुसद शाखेत चार लाख ठेवले, तरी बँक एकच असल्याने विमा पाचच लाखांचा. दुसरी गोष्ट, विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदारास निराळे काही द्यावे लागत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोन्ही ठिकाणी असतो, परंतु संकटकाळी त्या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर पडते. पुष्कळ पतसंस्था प्रामाणिकपणे चालतात यात शंका नाही. तथापि तेथील दोन टक्के अधिक व्याज ही कृपा नसून, आपण पत्करलेल्या अधिक धोक्याची ती किंमत आहे, हे ओळखूनच पुढचे पाऊल टाकावे.

महागाई व बँकांची डळमळ ही दोन संकटे परस्परांशी संबंध नसलेली आहेत, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा हातात हात घालून येतात. महागाई वाढली, म्हणजे तिला आवर घालण्यासाठी मध्यवर्ती बँक व्याजाचे दर चढविते. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर शेकडा ४ वरून ६.५ पर्यंत नेला. पुढे महागाई ओसरली, तेव्हा २०२५ मध्ये तो पुन्हा उतरविला. दर चढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. समजा, आपल्यापाशी वर्षाला शेकडा ५ व्याज देणारा, दहा वर्षे मुदत उरलेला हजार रुपयांचा रोखा आहे. आता बाजारात तसाच नवा रोखा शेकडा ७ देऊ लागला, तर आपला जुना रोखा हजारास कोण घेईल? हिशेब करता तो सुमारे ८६० रुपयांसच विकला जाईल. परंतु त्याच रोख्याची मुदत केवळ एक वर्ष उरली असती, तर सुमारे ९८१ रुपये आले असते. मुदत जितकी लांब, तितका फटका मोठा.

अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक नेमकी या फटक्याने कोसळली. तिने ठेवीदारांचा पैसा लांब मुदतीच्या रोख्यांत अडकविला होता. जून २०२२ मध्ये तेथील महागाई शेकडा ९.१ वर गेली, व्याजाचे दर भराभर चढले आणि रोख्यांचे मोल घसरले. बँकेने तोट्यात रोखे विकल्याची वार्ता पसरताच ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी ४,२०० कोटी डॉलर काढून नेले, आणि दुसऱ्याच दिवशी अधिकाऱ्यांनी बँकेस टाळे ठोकले. हे रोखे बनावट नव्हते. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्यास पूर्ण रक्कम मिळाली असती. परंतु ज्याचे पैसे आज मागितले जाणार आहेत, त्याने ते दहा वर्षांसाठी गुंतवू नयेत, हा साधा नियम तेथे मोडला गेला होता. सांसारिक मनुष्यालाही हाच नियम लागू आहे.

आता शेअरबाजाराकडे वळू, आणि त्यासाठी आपल्या परिचयाच्या कापसापासूनच आरंभ करू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांस जाणारा कापूस थांबला. त्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसासाठी वाटेल तो भाव देऊ लागल्या. वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा झाला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या, बँका काढण्याच्या कंपन्या रोज निघू लागल्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजार भरलेल्या भागाचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचा भाव आपटला आणि १ जुलै १८६५ रोजी, व्यवहार पुरे करण्याच्या दिवशी, देणेकऱ्यांना तोंड दाखविण्यास जागा उरली नाही. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांस विकला गेला होता, तो ८७ रुपयांवर आला, आणि ती बँक १८६८ मध्ये मोडली. लोकांनी भाग घेतले होते ते त्या कंपन्यांचा धंदा पाहून नव्हे. उद्या कोणी तरी याहून अधिक भाव देईल, एवढ्याच आशेने. यालाच सट्टा म्हणतात.

म्हणून शेअरबाजार म्हणजे केवळ जुगार, असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. कंपनीचा भाग घेणे म्हणजे तिच्या धंद्यात लहानसे भागीदार होणे. भाव चढले की कंपनीच्या मालाचा भावही चढतो, म्हणून दीर्घ मुदतीत चांगल्या कंपन्यांचे भाग महागाईशी झुंजू शकतात. परंतु मधली वाट खाचखळग्यांची असते. मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक जानेवारी २००८ मध्ये वीस हजारांच्या वर होता, तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नऊ हजारांच्या खाली आला. २३ मार्च २०२० रोजी करोनाच्या भीतीने तो एका दिवसात ३,९३४ अंशांनी घसरून २५,९८१ वर आला, आणि डिसेंबर संपता संपता ४७ हजारांच्या पुढे गेला. मार्चमध्ये ज्यास मुलाची फी भरणे भाग होते, त्याने तोट्यात विकले. ज्यास थांबणे शक्य होते, तो तरला. त्या दोघांत अकलेचे अंतर असेलच असे नाही. अंतर होते ते गरजेच्या वेळेचे.

याची प्रचीती आपल्या शेतकऱ्यांनाही आली आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. पुढल्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल, या आशेने अनेकांनी कापूस घरातच राखून ठेवला. आणि उन्हाळ्यापर्यंत भाव सात हजारांच्या आसपास उतरला. शेअरबाजाराचे दार न पाहिलेला शेतकरीदेखील अशा वेळी बाजारातील गुंतवणूकदारच असतो. सोन्याचीही कथा याहून वेगळी नाही. संकटकाळी ते आधार देते, परंतु व्याज देत नाही, आणि त्याचा भाव नेहमी चढतोच असेही नाही. जागतिक बाजारात २०११ साली औंसास १,९०० डॉलरपर्यंत पोहोचलेले सोने २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या आसपास आले होते.

तेव्हा सर्वतोपरी निर्भय अशी जागा कोठेच नाही, हे प्रथम मान्य करावे. शहाणा गुंतवणूकदार अशी जागा शोधत बसत नाही. तो प्रत्येक रकमेस प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न : हा पैसा मला केव्हा लागणार? पेरणी, फी, औषध यांसाठी वर्षाच्या आत लागणारी रक्कम बँकेत किंवा डाकघरात, हात घालताच मिळेल अशी असावी. तेथे महागाईने थोडे कुरतडले तरी चालेल. चार-पाच वर्षांनी लागणाऱ्या रकमेसाठी मुदतठेव व डाकघराची बचतपत्रे आहेत. डाकघरातील बचतीमागे खुद्द भारत सरकारची हमी असते. पंधरा-वीस वर्षे लागणार नाही, एवढ्याच पैशाने बाजाराचे चढउतार सोसावेत, आणि तेही उसने काढून कदापि नव्हे. दुसरा प्रश्न : हा बुडाला तर कोण भरून देणार? सरकार, विमा महामंडळ, की कोणीच नाही? तिसरा प्रश्न : अधिक व्याज मिळते ते कशामुळे? पैसा कोणत्या धंद्यात जातो हे सांगता न येणारा, आणि थोड्या महिन्यांत दामदुप्पट देऊ म्हणणारा मनुष्य बहुधा नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्यास व्याज देत असतो. चौथा प्रश्न : सर्व काही एकाच ठिकाणी तर नाही ना? आपले भाग सात-आठ ठिकाणी करावेत, कारण पृथ्वीवर कोणते अरिष्ट येईल हे मनुष्यास ठाऊक नाही, असा उपदेश उपदेशक या पुस्तकाच्या कर्त्याने प्राचीन काळीच केला आहे. ज्याची शेती कापसाची, दुकान कापसाचे आणि बचतही कापसाच्या कंपनीत, त्याला एका पडत्या भावाने तिन्ही बाजूंनी घेरले म्हणून समजावे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या हाती आज पैसा नाही. परंतु शेकडेवारी व चक्रवाढ व्याज तुम्ही वर्गात शिकला आहात. पुष्कळ घरी ते गणित येणारे पहिले मनुष्य तुम्हीच असाल. म्हणून या सुट्टीत आईवडिलांच्या शेजारी बसून घरचे पासबुक व ठेवीच्या पावत्या एकदा पाहा. व्याजाचा दर किती, मुदत केव्हा संपते, संस्था बँक आहे की पतसंस्था, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, आणि एका ठिकाणची रक्कम पाच लाखांच्या वर तर गेली नाही ना, हे एका कागदावर लिहून काढा. आईने शिवणकाम करून वा वडिलांनी उन्हातान्हात राबून मिळविलेला तो पैसा आहे; त्याचा हिशेब प्रेमाने व आदराने विचारावा, वडिलांस शिकविण्याच्या आविर्भावात नव्हे. तासाभराचे हे काम आहे. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी ते उरकून घ्यावे, म्हणजे बियाण्याच्या वेळी कोणता पैसा कोठे हात घालून काढावयाचा, याविषयी घरात कोणासही चाचपडावे लागणार नाही.